रॅपचा आखाडा : लेखणी की वाणी?

यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही कंत्राटी कामगारांवर नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलू. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो आणि ऐकणारेही बहुधा तेच असतात. म्हणून आम्ही 'रॅपचे सामने' हा विषय सांगितला. चालक क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "अहो, हे पोरासोरांचे खूळ. वसंत व्याख्यानमालेत ते कशाला?" त्यांना तेव्हा जे उत्तर नीट देता आले नाही, ते येथे देण्याचा प्रयत्न आहे.

या विषयाचे आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले, आणि इंग्रजी आम्ही शब्दकोश उशाशी ठेवून शिकलो. आमच्या कचेरीत संगणकावर पत्रे करण्यासाठी एक मुलगा येतो. त्याचे वडील आमचे जुने सभासद. दुपारी डबा खाताना तो मोबाइलवर अमेरिकेतले हे सामने पाहत असतो. दोन माणसे समोरासमोर, अगदी श्वास लागेल इतक्या जवळ उभी. एक बोलतो, दुसरा ऐकतो. भोवती माणसांचे कोंडाळे. वाद्य नाही, ठेका नाही. आम्ही एकदा विचारले, "हे एवढे भांडतात कशासाठी?" तो म्हणाला, "काका, भांडत नाहीत ते. घरून लिहून आणलेलं म्हणतायत."

घरून लिहून आणलेले आणि तरी इतके तापलेले! आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या दारात सभा घेत आलो. कोणी खिशातून कागद काढला की सभा थंड पडते, हा आमचा अनुभव. मग हे लोक काय करतात, हे पाहावे असे वाटले, आणि पाहता पाहता आमच्याच धंद्यातला एक जुना प्रश्न त्यांच्याही दारात उभा असलेला दिसला. तो प्रश्न असा : सभा जिंकतो तो चांगले लिहिणारा, की चांगले म्हणणारा?

ज्यांनी रॅप ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रॅप म्हणजे ठेक्यावर यमके जुळवीत केलेले बोलणे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात त्याचा उगम झाला असे मानतात, आणि त्याची तारीखही सांगतात : ११ ऑगस्ट १९७३. त्या दिवशी सेज्विक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत जमैकातून आलेल्या एका तरुणाने, 'कूल हर्क' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्याने, तबकड्या वाजवून लोकांना नाचविले. बहिणीला शाळेसाठी कपडे घ्यावयाचे होते, म्हणून माफक तिकीट लावलेला तो समारंभ होता. तबकड्या वाजविणाऱ्याच्या शेजारी ध्वनिक्षेपकावर बोलून गर्दीला चेतविणारा जो माणूस असे, तोच पुढे रॅप करणारा झाला. म्हणजे ही कला जन्मली ती वाणीतून. वही मागाहून आली.

एकमेकांना टोमणे मारण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत 'डझन्स' नावाचा एक खेळ चालत आला आहे. दोघे जण एकमेकांच्या आईबापांवरून, गरिबीवरून एकापेक्षा एक झोंबरे बोलतात आणि ज्याला राग आवरत नाही तो हरला असे ठरते. जॉन डॉलर्ड या अभ्यासकाने १९३९ सालीच या खेळावर निबंध लिहिला होता. आमच्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाशी याचे नाते नाही, पण ज्याने ते फड ऐकले आहेत त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

या दोन प्रवाहांची गाठ पडल्याचा जो प्रसंग सर्वांच्या तोंडी आहे तो १९८१ सालच्या डिसेंबरातला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'हार्लेम वर्ल्ड' नावाचा क्लब होता. तेथे 'बिझी बी' हा रॅपवाला गर्दीचा लाडका होता. तो हाळी देई, गर्दी ओ देई. लोकांना हसविण्यात, हात वर करावयास लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या रात्री त्याच्यामागून 'कूल मो डी' हा मंचावर आला. त्याने गर्दीला काही विचारलेच नाही. त्याने बिझी बीलाच धरले. तुझे नाव उसने, तुझ्या ओळी उसन्या, अशी एकेक गोष्ट जुळविलेल्या, नेमक्या, वेगाने येणाऱ्या ओळींत त्याने मांडली. त्या रात्रीच्या ध्वनिफिती शहरभर हातोहात फिरल्या. गर्दी खेळविणे ही एक विद्या आणि शब्द रचणे ही दुसरी, हे लोकांना त्या रात्री स्पष्ट ऐकू आले. आणि त्या रात्री तरी रचणारा वरचढ ठरला.

पुढची वीसेक वर्षे आयत्या वेळी रचण्याला मान होता. ठेका वाजत असे आणि समोरच्याचे कपडे, नाव, चेहरा पाहून तेथल्या तेथे जुळवावे लागे. २००२ साली आलेल्या 'एट माइल' या चित्रपटाने ही रीत जगाला दाखविली. डेट्रॉइटचा एमिनेम हा रॅपवाला त्यात नायक होता. शेवटच्या सामन्यात तो एक विलक्षण गोष्ट करतो. प्रतिस्पर्धी आपल्याविषयी जे जे बोलेल ते सारे, आपली गरिबी, आपली नामुष्की, तो स्वतःच आधी सांगून टाकतो. आणि हा रस्त्यावरचा गुंड म्हणवणारा खाजगी शाळेत शिकलेला आहे, हेही सांगतो. समोरच्याला बोलावयास काहीच उरत नाही. आम्ही हा प्रसंग चार वेळा पाहिला. वाटाघाटीला जाताना आपली कमजोर बाजू आपणच टेबलावर ठेवली तर मालकाच्या हातातला पत्ता जातो, हे आम्हाला शिकावयास पंधरा वर्षे लागली होती. मुंबईच्या कुर्ला-अंधेरीकडील नेझी आणि डिव्हाइन या तरुणांवरून स्फूर्ती घेऊन २०१९ साली 'गली बॉय' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यातले सामनेही याच जातीचे आहेत.

खरा पालट झाला तो २००८-०९ च्या सुमारास. अमेरिकेत 'ग्राइंड टाइम' आणि 'यूआरएल', कॅनडात 'किंग ऑफ द डॉट', इंग्लंडात 'डोंट फ्लॉप' अशा संस्था निघाल्या. त्यांनी ठेका काढून टाकला. सामना कोणाशी, हे आधी कळू लागले, आणि स्पर्धक कित्येक आठवडे घरी बसून त्या एका माणसासाठी लिहू लागले. बहुधा तीन फेऱ्या, प्रत्येकाने आळीपाळीने म्हणावयाचे. जुने लोक म्हणाले, ही फसवणूक आहे. पाठांतराला कला म्हणायचे काय? आम्हाला ही तक्रार पटत नाही. फिलिपाइन्समध्ये ६ एप्रिल १९२४ रोजी होसे कोराझोन दे हेसूस आणि फ्लोरेंतिनो कोयांतेस या दोन कवींनी पद्यातून वाद घातला. त्याला 'बालागतासान' म्हणतात. तो वाद आधी लिहिलेला होता, तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच देशात २०१० साली 'फ्लिपटॉप' नावाने सुरू झालेले टागालोग भाषेतले रॅपचे सामने आज अफाट लोकप्रिय आहेत. घरी केलेल्या तयारीत लबाडी नाही. मंचावर ती तयारी जिवंत होते की नाही, एवढाच प्रश्न.

आता लेखणीची बाजू पाहू. रॅपच्या ओळीला 'बार' म्हणतात. त्यात यमक असते, पण आपल्या 'गाडी-माडी' इतके सोपे नव्हे. 'वाट पाहतो' ला 'थाट राहतो' असे दोन-दोन शब्द जुळविणे, आणि तेच सूत्र पाच-सात ओळी चालविणे, याला तेथे कारागिरी समजतात. इंग्रजीत तर पुष्कळदा व्यंजने सोडून नुसते स्वर जुळवितात. मग श्लेष. मोरोपंतांनी ओठांनी उच्चारावयाचे वर्ण वगळून निरोष्ठ रामायण रचले, त्या जातीचा हव्यास या पोरांतही आहे. प्रतिस्पर्ध्याच्या नावाची फोड करायची, एका धंद्यातले दहा शब्द घेऊन त्यांवर दुहेरी अर्थाची माळ ओवायची. आणि या सर्वांच्या मुळाशी 'अँगल', म्हणजे समोरच्याला कोठे धरायचे ती जागा. ती चुकली तर यमके कितीही चांगली असोत, व्यर्थ.

पण येथे एक अडचण आहे, आणि ती छापील कवितेला नाही. वाचक मागे वळून ओळ पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती एकदाच मिळते. आमचीच एक कामचलाऊ ओळ घ्या : 'मालकाच्या मालाला भाव आहे, मजुराला मात्र भाव नाही.' यातला दुसरा 'भाव' कानावर पडल्यावर अर्थ उलगडण्यास अर्धा क्षण लागतो. बोलणाऱ्याने तो अर्धा क्षण दिला तर ओळ लागते. तो न थांबता पुढे गेला तर ओळही गेली आणि पुढचीही गेली, कारण ऐकणारा अजून मागच्या ओळीवर अडकलेला असतो. म्हणून यांच्यातले जाणते लोक थांबण्याची जागा वहीतच ठरवितात. घणाचा घाव ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दावर ठेवतात. गर्दीने मध्येच आरडाओरडा केला तर ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलतात, म्हणजे शेवटचा शब्द शांततेत पडतो. कलगीवाले आणि तुरेवाले हे सर्व जाणत होते. कीर्तनकार आजही जाणतात.

आणखी एक मौज अशी की, ठेका काढल्याने लिखाणाला वाव मिळाला हे खरे, पण वाणीवरचे ओझेही त्यानेच वाढविले. ठेका असला की तो माणसाला ओढून नेतो. दम लागला, शब्द अडखळला तरी झाकून जाते. ठेका गेल्यावर आवाजाची चढउतार, हाताची हालचाल, नजर, आणि समोरचा बोलत असताना आपला चेहरा कसा ठेवायचा, हे सारे एकट्याने सांभाळायचे. शब्द विसरला तर लपायला जागा नाही. त्याला तेथे 'चोक' म्हणतात, आणि त्यासारखी नामुष्की नाही. याउलट आधीच्या फेरीत समोरचा जे बोलला त्याला आपल्या फेरीच्या आरंभी तेथल्या तेथे उत्तर दिले, तर गर्दी वेडी होते; कारण पाठ केलेल्यात ताजे शिरले, हा माणूस खरोखर येथे उभा आहे, याची ती खूण असते. जागेचाही प्रश्न असतो. पन्नास माणसांच्या खोलीत जे बारीक नक्षीकाम कळते ते हजार माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तेथे ठळक, सुटे, सावकाश बोलणारा तरतो.

आमच्या पिढीने वडिलांकडून ऐकलेली दोन नावे येथे आठवतात. अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड आणि शाहीर अमर शेखांचा आवाज. लेखणी एकाची, गळा दुसऱ्याचा, आणि मैदानावरच्या माणसाला त्यात जोड दिसत नसे. रॅपच्या आखाड्यात ही सोय नाही. दोन्ही एकाच अंगात असावे लागते, आणि तेथेच भलेभले अडतात.

त्यांतली सर्वांत बोलकी हकिगत कॅनिबसची. १९९० च्या दशकात हा माणूस शब्दप्रभू म्हणून गाजला. विज्ञानाचे, लष्कराचे जड जड शब्द तो यमकात लीलया बसवी; एल. एल. कूल जे या बड्या रॅपवाल्याशी त्याचे ध्वनिमुद्रणांतून चाललेले भांडण १९९८ साली सर्वतोमुखी होते. २०१२ च्या जूनमध्ये 'किंग ऑफ द डॉट'च्या सामन्यात तो लॉस एंजेलिसच्या 'डिझास्टर' विरुद्ध उभा राहिला. डिझास्टर हा या आखाड्यातच वाढलेला. आवाज करडा, बोलणे अंगावर येणारे. कॅनिबस अडखळू लागला. ओळी आठवेनात. आणि शेवटच्या फेरीत त्याने वही काढली. पानेच्या पाने लिहून आणली होती. ती तो वाचू लागला. गर्दीला आधी हसू आले, मग ती चिडली.

आमच्या कचेरीतला मुलगा हे पाहून पोट धरून हसत होता. आम्हाला हसू आले नाही. ती पाने कोणी तरी पुढे निवांत वाचून पाहिली असतील तर त्यांत चांगले काही निघालेही असेल. पण चाळिशीकडे झुकलेला कारागीर आपले काम हातात धरून उभा आहे आणि ते घेणारे कोणी नाही, हे दृश्य आम्ही अन्यत्रही पाहिले आहे. दोनच वर्षांनी, २०१४ च्या जुलैत, न्यूयॉर्कच्या हॅमरस्टाइन बॉलरूममध्ये जो बडन हा दुसरा नावाजलेला ध्वनिमुद्रणातला लेखक 'हॉलो दा डॉन' या आखाड्याच्या माणसापुढे हरला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चुकलेली ओळ पुन्हा म्हणता येते. तेथे घडलेल्या हाताला मंचाची सवय नसते.

मात्र यावरून 'वही बुडाली, आवाज जिंकला' असा निकाल देणाऱ्यांनी त्याच २०१२ च्या उन्हाळ्यातला दुसरा सामना पाहावा. 'यूआरएल'च्या मंचावर हार्लेमचा 'लोडेड लक्स' डेट्रॉइटच्या 'कॅलिको'पुढे आला, तो प्रतिस्पर्ध्याच्या अंत्यविधीचा देखावा करूनच. नाटकी म्हणा, पण पुढे तो जे बोलला ते धर्मोपदेशकाच्या संथ लयीत, समोरच्या तरुणाला त्याच्या जगण्याचा जाब विचारीत. ओरडणे जवळजवळ नाही. शब्द एवढे तोलून मांडलेले की हजारो माणसे ऐकण्यासाठी गप्प होत. त्यातले एक वाक्य पुढे पोरांच्या बोलण्यात म्हणीसारखे रुळले. येथे लेखणी कोठे संपते आणि वाणी कोठे सुरू होते, हे आम्हाला सांगता येत नाही. त्याने बहुधा लिहितानाच उभे राहून लिहिले असावे.

या सामन्यांत शिवराळपणा फार आहे, स्त्रियांविषयी तर ऐकवत नाही, हेही सांगितले पाहिजे. सामना संपला की दोघे हात मिळवितात, सारे लटके होते असे म्हणतात; पण ज्यांच्यावरून बोलले त्या मायबहिणी हात मिळवायला तेथे नसतात. असो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो. गर्दीचा आवाज ज्याच्या बाजूने, तो जिंकला असे धरावे काय?

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात तीन वर्षांचा वेतनकरार व्हावयाचा होता. व्यवस्थापन महिना दीड हजार रुपये वाढ द्यावयास तयार झाले, पण ती सारी निरनिराळ्या भत्त्यांत. मूळ पगार होता तेथेच. आमचे एक सहकारी होते. बारीक आवाजाचे, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी रात्री जागून एक पान लिहून आणले. द्वारसभेत ते वाचू लागले. भत्त्यांवर ग्रॅच्युइटी धरली जात नाही. तीच वाढ मूळ पगारात घेतली तर वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने, दीड हजाराला पंधराने गुणून सव्विसाने भागा, असे ते सांगत होते. तीन मिनिटांत लोक चुळबुळू लागले. मागून कोणी ओरडले, "मास्तर, शाळा सुटली!" हशा झाला. मग आम्ही टेबलावर चढलो. आम्हाला करार हवा होता. संप लांबला तर लोक टिकणार नाहीत अशी भीतीही होती. आम्ही ती भीती बोललो नाही. आम्ही विजय बोललो. आवाज तेव्हा चांगला होता, कोठे थांबायचे ते कळत होते, शेवटचा शब्द कोठे ठेवायचा तेही कळत होते. लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतले. करार हात वर करून मंजूर झाला.

काही वर्षांनी त्यांतली माणसे निवृत्त होऊ लागली. तीस वर्षे नोकरी झालेला एक फिटर हिशेबाचा कागद घेऊन कचेरीत आला. त्या एका दीड हजारापायी त्याच्या ग्रॅच्युइटीत सुमारे २६ हजार रुपये कमी आले होते. तो आम्हाला काही बोलला नाही. "साहेब, त्या दिवशी मास्तर हेच सांगत होते ना?" एवढेच विचारले. मास्तर तोपर्यंत युनियन सोडून गेले होते. त्यांचे ते पान आमच्या कपाटात होते. ते शोधून काढून आम्ही पहिल्यांदा पुरते वाचले. त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता.

तेव्हा कॅनिबसच्या वहीकडे पाहताना आम्हाला मास्तरांचे पान दिसते, यात नवल नाही. दोष मास्तरांकडेही होता. सव्विसाचा भागाकार उभ्या माणसाच्या कानात शिरत नाही. त्यांनी 'निवृत्त होताना प्रत्येकाचे पंचवीस-सव्वीस हजार जातील' एवढे एकच वाक्य म्हणून थांबावयास हवे होते. ते वाक्य त्यांच्या कागदात शेवटी होते, आणि तेथपर्यंत त्यांना कोणी पोचू दिले नाही. पण आमचा दोष त्याहून मोठा. वाक्य घडविण्याची कला आमच्यापाशी होती आणि आम्ही ती त्यांच्या कागदाला दिली नाही.

रॅपच्या आखाड्यात या दुखण्यावर आपोआप एक उतारा सापडला आहे. सामन्यांचे चित्रण होते आणि ते नंतर लोक घरी बसून पाहतात. तेव्हा सभागृहातला गोंगाट थोडा मागे पडतो आणि शब्द पुढे येतात. 'सभागृहात हा जिंकला, चित्रणात तो' असा वाद तेथे नेहमी चालतो. काही सामन्यांना पंच असतात. 'यूआरएल'सारख्या ठिकाणी बहुधा पंचच नेमत नाहीत, निकाल महिनोन्महिने लोकांत चालू राहतो. दोन-तीनदा पाहिल्यावर पोकळ गर्जना उघडी पडते आणि गर्दीच्या हातून निसटलेली ओळ कोणाला तरी सापडते. हार्लेमच्या १९८१ च्या ध्वनिफितींनीही हेच काम केले होते.

आमच्या युनियनमध्ये त्या फिटरच्या भेटीनंतर हात वर करून करार मंजूर करणे बंद झाले. द्वारसभा होते, भाषणे होतात, टाळ्याही पडतात. मसुदा मराठीत छापून त्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात देतो. आता तो मुलगा त्याचे मोबाइलवर वाचनही करून पाठवितो. त्याच्या ओळी छान तुटतात, आणि भागाकार तो शेवटी ठेवतो. मतदान दुसऱ्या दिवशी, पाळी सुटल्यावर, चिठ्ठीने. त्या वेळी दाराशी कोणी बोलायचे नाही, असा नियम आहे. तो सर्वांत जड आम्हालाच जातो.